पाचवं बोट

शुक्रवारचा शेवटचा तास, सातवी ब. वेळापत्रकात त्याला ‘आरोग्य व जीवनकौशल्ये’ असं लांबलचक नाव होतं. मुलं त्याला ‘ग्लोरिया टीचरचा तास’ म्हणायची. मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. मुख्याध्यापक श्रीरंग सर एकदा नंदाखालला माझ्या घरी आले आणि म्हणाले, “टीचर, हा विषय घ्यायला तरुण शिक्षक लाजतात. तुम्ही घ्याल का?” मी घेतला. माझं लाजायचं वय गेलं होतं आणि मुलांची सवय काही सुटलेली नव्हती.

पाळीपासून तंबाखूपर्यंत, दात घासण्यापासून रागावर ताबा ठेवण्यापर्यंत सगळं मी त्या तासाला शिकवलं. जानेवारीत मी त्यांना पाच बोटांचा पाठ दिला. वहीच्या पानावर डावा पंजा ठेवायचा, पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ ओढायची आणि प्रत्येक बोटावर एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं. काही वाईट घडलं, कोणी नको तसा हात लावला, तर ज्याला सांगता येईल असं माणूस.

“टीचर, कुत्रा चालेल?” मागच्या बाकावरून एकाने विचारलं.

“कुत्रा ऐकून घेईल. पण पुढे कोणाला सांगेल?”

“आमचा टॉमी अख्ख्या आळीला सांगतो, टीचर.”

वर्ग हसला. सुमेधने करंगळीवर ‘वॉचमन काका’ लिहिलं. त्याचे आईबाबा दोघंही मुंबईला नोकरीला जातात आणि घरी यायला त्यांना नऊ वाजतात. शेजारचा म्हणाला, “अरे, तुमचा वॉचमन तर झोपलेला असतो.” सुमेध म्हणाला, “मग उठवीन ना.” मी ते नाव खोडू दिलं नाही.

मग मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली आणि त्यांच्याकडून मोठ्याने म्हणून घेतली. नाही म्हणायचं. तिथून निघायचं. मोठ्या माणसाला सांगायचं.

“आणि त्याने ऐकलं नाही तर?” मी विचारलं.

“दुसऱ्या बोटाला,” वर्ग म्हणाला.

“कुठपर्यंत?”

“ऐकेपर्यंत.”

जागृतीची वही मी वेळ घेऊन पाहिली, कारण तिची वही पाहायला बरं वाटायचं. समास आखलेला, शीर्षकाखाली दोन रेघा. अंगठ्यावर मम्मी, मग आजी, मग पप्पा, मग आत्या. करंगळीवर तिने लिहिलं होतं, ग्लोरिया टीचर. तिच्या बोटावर आपलं नाव आहे याचा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, दोन दिवस तो पुरला.

त्यानंतर तीन शुक्रवार गेले. चौथ्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा झाला तरी जागृती बाकावरून उठली नाही. दप्तर पाठीला लावून ती तशीच बसली होती. मी खडू गोळा करत होते.

“गाडी चुकेल तुझी.”

“मी आज गाडीने जाणार नाही, टीचर. चालत जाईन.” मग ती उभी राहिली, धडा म्हणून दाखवायला उभं राहतात तशी. “टीचर, मी चार बोटांना सांगितलं. आता तुम्ही.”

मी खडूचा डबा ठेवला आणि तिच्यासमोरच्या बाकावर बसले.

तिने सगळं क्रमाने सांगितलं. कल्पेशकाका म्हणजे तिच्या पप्पांचा चुलतभाऊ. तो शाळेची मुलं ने-आण करायची गाडी चालवतो. आधी नव्या बिल्डिंगमधली मुलं उतरतात, मग रस्त्यावरच्या गावांतली. जागृतीचं घर खाडीच्या बाजूला, सगळ्यात शेवटी. धाकट्या काकांची रीमा चौथीत आहे, तिची शाळा दुपारीच सुटते. म्हणून शेवटची दहा मिनिटं गाडीत जागृती एकटीच उरते. तो तिला पुढे बोलावतो. मिठागराच्या वळणावर गाडी थांबवतो.

पुढचं तिने दोनच वाक्यांत सांगितलं. ती दोन वाक्यं मी इथे लिहिणार नाही.

“तुम्ही शिकवलं तसं मी नाही म्हणाले,” ती म्हणाली. “मोठ्याने. दोनदा.”

“मग?”

“तो हसला. म्हणाला, शाळेत शिकवतात वाटतं हे.”

मग बोटं. मम्मी म्हणाली, पंधरा दिवस थांब, त्याचं लग्न होऊन जाऊ दे, मग बघते. आजी म्हणाली, तो मस्करी करतो, त्यानेच तुला अंगाखांद्यावर खेळवलीय. पप्पांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणाले, गाडीने जायचं नसेल तर सरळ सांग, नाटकं नकोत. आत्या विरारला दिली आहे. तिला जागृतीने फोन केला होता.

“आत्या खूप वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, पुढच्या सीटवर बसू नको. मागे बस आणि मध्ये दप्तर ठेव.” जागृती थांबली. “पण टीचर, तो पुढे बसवतो हे मी आत्याला सांगितलंच नव्हतं.”

खाली मैदानात कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. मी तिचा हात हातात घेतला.

“तुला काय हवंय, बाळा? मी काय करू?”

तिने ते ठरवूनच ठेवलं होतं. “मला करवली केलंय. काकाला सख्खी बहीण नाही म्हणून मला. लग्नाला जाताना करवली नवऱ्याच्या गाडीत बसते, त्याच्या बाजूला. हळदीलाही त्याच्याच जवळ. मी नाही म्हटलं तर सगळे हसतात. म्हणतात, लाजते. तुम्ही सांगा ना, मला करवली व्हायचं नाही.”

करवलीचा मान आमच्या भागात किती मोठा, हे मला ठाऊक आहे. लहान मुली त्यासाठी रुसतात, रडतात. या मुलीला त्या मानातून कोणीतरी सोडवायला हवं होतं.

शिक्षकांच्या खोलीत कपाटाच्या दारावर एक परिपत्रक चिकटवलेलं आहे. मुलाने असं काही सांगितलं तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना कळवायचं, मुलांच्या मदतीच्या १०९८ नंबरला किंवा पोलिसांना कळवायचं, स्वतः चौकशी करत बसायची नाही. मोठी अक्षरं आहेत. इतर शिक्षकांना ते समजावून सांगण्याचं काम माझ्याकडेच होतं आणि मी ते नीट केलं होतं.

पण मी या गावांत चौतीस वर्षं शिकवलं. एखादी मुलगी शाळेत यायची बंद झाली, कोणाच्या पाठीवर वळ दिसले, कोणाचा बाप पिऊन दप्तर फेकून द्यायचा, की मी संध्याकाळी त्या घरी चालत जायचे. ओटीवर बसायचे, चहा घ्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि उठताना मुद्द्याचं बोलायचे. दुसऱ्या दिवशी मूल शाळेत असायचं. अशा किती मुली परत आणल्या, त्यांची नावं मला पाठ आहेत. जागृतीच्या बापाला, हितेशला, मी शिकवलं होतं. कल्पेशलाही. सातवीत असताना तो रोज न सांगता फळा पुसायचा. पोलिसांची गाडी पाड्यात शिरली की आधी मुलीचं नाव खराब होतं आणि मग बाकीचं, हे मी एकदा पाहिलं होतं. मला वाटलं, जिथे माझा शब्द चालतो तिथे कागद कशाला.

“मी उद्या तुझ्या घरी येते,” मी म्हटलं.

ती गोंधळली. “घरी? घरी तर मी सांगितलंय, टीचर.”

“मी सांगितलं की वेगळं पडेल.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. टीचर सांगतात म्हणजे तसंच असणार, असं तिला वाटलं असेल.

शनिवारी दुपारी मी रिक्षाने गेले. दारात मांडवाचे बांबू उभे राहिले होते. पडवीत बायका सुपं घेऊन लग्नाचे तांदूळ निवडत होत्या आणि त्यांच्यामध्ये बसलेली म्हातारी धवलारीण लग्नाची गाणी म्हणून बघत होती. मला पाहून जागृतीची आजी उठली.

“टीचर आल्या गं. खुर्ची आना. पानी आना.” आणि मला म्हणाली, “आमंत्रनाला आमीच येनार होतो, तुमी आधी आलात.”

“टीचरना गाना येतो का विचार,” एक बाई म्हणाली.

“येतो, पण चर्चमधला,” दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या आणि मीही हसले. मला तिथे नेहमीच असं घरच्यासारखं वाटायचं.

मी घरच्या मोठ्यांशी आत बोलायचं आहे म्हटलं. आतल्या खोलीत पलंगावर साड्यांचे ढीग होते. आजोबा काळूराम खुर्चीवर बसले, आजी जमिनीवर. हितेश दाराला टेकून उभा. जागृतीची आई हंसा सरबताचा ट्रे घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

मी सांगितलं. जितकं जपून सांगता येईल तितकं जपून, पण नाव घेऊन सांगितलं.

बाहेर गाणं चालू होतं. हंसाने ट्रेमधला एक ग्लास माझ्या हातात दिला.

“टीचर,” काळूराम म्हणाले, “तुमी हितेशला शिकवलात, कल्पेशला शिकवलात. तुमचा शब्द आमी कवा खाली पडू दिला?”

“कधीच नाही, तात्या.”

“तो बिनबापाचा पोर. माज्या भावानी मरताना माज्या हातात दिला त्याला. या घरात वाढलाय तो.”

“म्हणूनच मी तुमच्याकडे आले.”

हितेश दारापासून पुढे आला. “टीचर, एक विचारू? राग मानू नका. हे सगळं तुम्हीच शिकवता ना त्यांना? कोणी कुठे हात लावला, काय लावला. तिने मला वही दाखवली होती, हात काढलेला. आमच्या वेळी तुम्ही असलं काही शिकवत नव्हता. आम्ही बिघडलो का?”

“हितेश, मी शिकवलं म्हणून ते घडलेलं नाही. मी शिकवलं म्हणून तिला सांगता आलं.”

“सांगता आलं की सुचलं?”

“तेरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात काय काय येते,” आजी म्हणाली. “मोबाइल बघतात दिवसभर.”

काळूरामांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. त्यांनी मला शांतपणे विचारलं, “टीचर, ही गोष्ट अजून कोनाला सांगितलीत?”

“कोणालाच नाही. आधी तुमच्याकडेच आले.”

“शालेत?”

“नाही.”

त्यांचे खांदे सैल पडलेले मला दिसले. “बेस केलात,” ते म्हणाले.

त्या क्षणी मला कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं, पण मी ते कळू दिलं नाही. माझ्याकडे जे काही होतं ते मी त्यांच्या हातात ठेवलं होतं आणि वर सरबत घेत होते.

मग काळूराम म्हणाले, “न्याय दोन्ही बाजूंनी पायजे,” आणि कल्पेशला हाक मारली. तो मांडवाच्या कामातून आला, हाताला सुतळीचे धागे चिकटलेले. वाकून माझ्या पाया पडला. “टीचर, तब्येत बरी ना?” म्हणाला. काळूरामांनी त्याला विचारलं. तो रागावला नाही की घाबरला नाही. “मी तिला पुढे बसवतो, खरंय. मागे पोरं मस्ती करतात म्हणून. तिला वाईट वाटलं असेल तर मी माफी मागतो.” त्याने हात जोडले.

आणि मग त्यांनी जागृतीला बोलावलं. मी म्हटलं, “नको, सगळ्यांसमोर नको.” पण ते मी बसल्या जागेवरून म्हटलं. उठून दार अडवलं नाही. ती आली आणि आईच्या शेजारी उभी राहिली. कल्पेश तिच्यापासून चार हातांवर होता.

“बोल,” हितेश म्हणाला. “काकानी काय केलं?”

तिने कोणाकडेच पाहिलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. “मी टीचरना सांगितलंय,” ती म्हणाली.

ते सगळे माझ्याकडे वळले. तिने आपलं ओझं माझ्याकडे दिलं होतं आणि आता मी बोलायचं होतं. बाहेरचं गाणं थांबलं होतं, बायका ऐकत होत्या. मी पाहिलं की इथे मी जितकं ताणेन तितकं तिलाच सोसावं लागेल. निदान मला तसं वाटलं. मी म्हटलं, “तात्या, बाकीचं नंतर बघू. तिला करवली व्हायचं नाही. आणि तिला त्या गाडीने पाठवू नका. एवढं तरी ऐका.”

काळूराम लगेच म्हणाले, “ऐकला. तुमचा शब्द हाय. करवली दुसरी करू.”

मी परत निघाले तेव्हा आजीने वालाच्या शेंगांची पिशवी हातात दिली. रिक्षात बसल्यावर मला हलकं वाटलं. मुलीने जे मागितलं होतं ते मी मिळवून दिलं होतं. रविवारी चर्चमध्ये मी आभार मानले.

माझा तास नव्हता तरी सोमवारी मी शाळेत गेले. जागृती आली नव्हती. मंगळवारीही नाही. मधल्या सुट्टीत चौथीच्या मुली व्हरांड्यात जमल्या होत्या आणि रीमा त्यांना हातातल्या नव्या बांगड्या दाखवत होती. “मी करवली आहे,” ती सांगत होती. “मी काकाच्या बाजूला बसणार.”

मी तिथून थेट श्रीरंग सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. ते लिहून घेत होते.

“तिने तुम्हाला कधी सांगितलं, टीचर?”

“शुक्रवारी.”

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं. “तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं,” एवढंच ते म्हणाले, आणि फोन उचलून १०९८ लावला.

त्या दिवसापासून जे व्हायला हवं ते सगळं झालं, फक्त चार दिवस उशिरा. साध्या कपड्यांतल्या एक पोलीस बाई आल्या. तरुण, शांत. त्यांनी माझा जबाब घेतला. जागृतीला रविवारीच वटारला तिच्या मामाकडे नेऊन ठेवलं होतं. त्या तिथे गेल्या, तिच्यापाशी दोन तास बसल्या. जागृती म्हणाली, काही झालेलं नाही. मला करवली व्हायचं नव्हतं म्हणून खोटं बोलले.

पोलीस बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला होता. “मला ती खोटी वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही बंद करत नाही. पण टीचर, कोणीतरी बोलायला हवं. घरात अजून कोणी आहे का?”

मी आत्याला फोन केला. तिलाही मी शिकवलं होतं. तिने माझं सगळं ऐकलं. मग म्हणाली, “टीचर, मला दोन मुलं आहेत. सासूला माझं माहेर फार आवडतं. मी काय सांगू आणि कोणाला?” नंतर तिने माझा नंबर उचललाच नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. हळदीचा आवाज खाडीपलीकडे ऐकू गेला असं मुलं सांगत होती.

श्रीरंग सरांनी पालकांना गाडीबद्दल पत्र पाठवलं. सुमेधच्या आईने आणि आणखी तिघांनी मुलं काढून घेतली. बाकीच्यांनी उलट विचारलं की एका चांगल्या माणसाची बदनामी शाळा का करते. पालकसभेत हितेश उभा राहिला आणि म्हणाला, मुलांना मोठ्यांविरुद्ध शिकवायचा तास बंद करा. बऱ्याच जणांनी माना हलवल्या, त्यात माझे किती विद्यार्थी होते ते मी मोजलं नाही. मार्चपासून सातवी ब ला शुक्रवारी शेवटच्या तासाला गणिताचा सराव आहे.

एप्रिलमध्ये एका दुपारी हंसा माझ्या घरी आली. बाजाराला जाते सांगून आली होती, हातात रिकामी पिशवी होती. पाणीसुद्धा घेतलं नाही तिने.

“टीचर, मी तिला थांब म्हटलं होतं. पंधरा दिवस. ते गप्प बसवायला नव्हतं.” ती पिशवीचे बंद पिळत होती. “लग्न झाल्यावर तो बोळिंजला राहायला जाणार होता. फ्लॅट घेतलाय. गाडीही तो दुसऱ्याला देणार होता. मी दिवस मोजत होते. रोज गाडीच्या वेळेला मी वळणापर्यंत चालत यायला लागले होते, तिला ते माहीत नव्हतं.”

“मला तू का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मला विचारलं कुठे? तुम्ही तात्यांना सांगितलं.”

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली, ती बसली नाही.

“आता तात्या म्हणतात, तो इथंच राहील. वेगळा गेला तर लोक म्हणतील, काहीतरी होतं. गाडीही तोच चालवतो. आणि मला वटारला जायची बंदी आहे. माझं माहेर ते, टीचर.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. रीमा बाहेर आली. मी तिला हाक मारली तशी ती एक पाऊल मागे सरकली.

“आजीने सांगितलंय, तुमच्याशी बोलायचं नाय,” ती म्हणाली. ती उद्धट नव्हती, सांगितलेलं काम करत होती. गाडी आली. मागे दोन जागा रिकाम्या होत्या. ती पुढचं दार उघडून बसली.

कल्पेशने काचेतून मला नमस्कार केला.

मी पुन्हा श्रीरंग सरांकडे गेले, पोलीस बाईंनाही फोन केला. या वेळी त्याच दिवशी, त्याच तासाला. त्या म्हणाल्या, लिहून घेते, मी स्वतः जाऊन येते. त्या गेल्याही. घरच्यांनी त्यांना चहा दिला आणि रीमाला समोर आणलं. रीमा म्हणाली, काका खूप चांगला आहे, मला रोज चॉकलेट देतो.

मे महिन्यात मी वटारला गेले. मामाचं घर वाडीच्या कडेला आहे. जागृती पडवीत बसून विड्याची पानं लावत होती, मोठी एका बाजूला, लहान एका बाजूला. तिची परीक्षा बुडाली होती. जूनमध्ये इथल्या शाळेत घालणार, मामी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

“उन्हातून आलात, टीचर,” जागृती म्हणाली आणि मला पाट दिला.

मी तिच्याशेजारी खाली बसले. काय बोलायचं ते मी रिक्षात जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले.

“पोलीस बाई चांगल्या होत्या का गं?”

“हो. त्यांनी दोनदा विचारलं.” तिने एक फाटकं पान बाजूला टाकलं. “आजीचा फोन आला होता आदल्या दिवशी. म्हणाली, मी बोलले तर मम्मीला घराबाहेर काढतील आणि माझ्या भावाला, छोटूला, तिकडेच ठेवतील. छोटू मम्मीशिवाय झोपत नाही.”

“जागृती, मी चुकले. तुझ्या घरी मी जायला नको होतं.”

ती थोडा वेळ विचार करत राहिली. वर्गात उत्तर द्यायच्या आधी करायची तसा.

“मी सांगितलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “घरी सांगून झालंय म्हणून.”

“हो.”

“तुम्ही ऐकलं नाही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. चुकलेलं गणित दाखवावं तसं तिने दाखवलं. चाळीस वर्षांत मला कोणी इतकं खरं सांगितलं नसेल.

आतून कपबशांचा आवाज आला. तिने आवाज बारीक केला. “रीमा कुठे बसते?”

मला खोटं बोलता आलं असतं. ती इथून काहीच करू शकत नव्हती, आणि त्या एका शब्दाशिवाय तिची रात्र बरी गेली असती. पण एकदा मी तिला खोटा धीर दिला होता.

“पुढे,” मी म्हटलं.

तिचे हात थांबले. मग तिने पुढचं पान उचललं, त्याचं देठ पाहिलं आणि लहान पानांच्या बाजूला ठेवलं. मामी चहा घेऊन आली आणि तिथेच दाराशी बसली. मग आम्ही उन्हाबद्दल बोललो, टँकरच्या पाण्याबद्दल बोललो. जागृतीने पानं संपवली, ओल्या फडक्याखाली झाकली, हात पुसले.

निघताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार होते, पण ठेवला नाही.

“मी पुन्हा येईन,” मी म्हटलं.

“मामीला विचारून या,” ती म्हणाली.